रॉजर कॉर्मन: थोडे पैसे, थोडे दिवस आणि पुष्कळ सिनेमा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिनेमाच्या गप्पांत रॉजर कॉर्मनचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, दोन दिवसांत सिनेमा काढणारा माणूस. दोन, कपोला आणि स्कॉर्सेसी या पुढे गाजलेल्या दिग्दर्शकांना पहिली संधी देणारा माणूस. दोन्ही खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं की मधली पन्नास-साठ वर्षं निसटतात. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे आणि त्याच्या काही गोष्टी खटकतातही. खालच्या उत्तरांत दोन्ही येईल.

रॉजर कॉर्मन नेमका कोण?

अमेरिकन दिग्दर्शक, निर्माता आणि वितरक. जन्म ५ एप्रिल १९२६, डेट्रॉइट. मृत्यू ९ मे २०२४, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे, वयाच्या ९८व्या वर्षी. पन्नासच्या आसपास चित्रपट त्याने स्वतः दिग्दर्शित केले आणि तीनशेहून अधिक चित्रपटांची निर्मिती केली. जवळजवळ सगळं काम मोठ्या स्टुडिओंच्या कुंपणाबाहेर राहून.

तो तर इंजिनिअर होता. मग सिनेमात कसा आला?

वडील इंजिनिअर, त्यामुळे मुलानेही तेच करायचं हे घरात ठरल्यासारखं होतं. कुटुंब डेट्रॉइट सोडून बेव्हर्ली हिल्सला राहायला आलं आणि हॉलिवूड हाकेच्या अंतरावर आलं. कॉर्मनने स्टॅनफर्डला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग घेतलं, मधला काही काळ महायुद्धामुळे नौदलात गेला आणि १९४७ साली पदवी मिळाली. विजेच्या मोटर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीही लागली. सोमवारी रुजू झाला आणि गुरुवारी सोडून आला.

त्यानंतर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये तो टपाल इकडून तिकडे पोचवायला लागला, आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर. तिथून पटकथा वाचून अभिप्राय देणाऱ्या विभागात चढला. ग्रेगरी पेकच्या 'द गनफायटर'च्या पटकथेवर त्याने केलेल्या सूचना वापरल्या गेल्या, पण श्रेय वरच्या माणसाला मिळालं. ते त्याच्या मनाला लागलं आणि त्याने ती नोकरी सोडली. माजी सैनिकांना मिळणाऱ्या सवलतीवर काही काळ ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकून आला, परतल्यावर एजंटच्या हाताखाली काम केलं आणि फावल्या वेळात पटकथा लिहिली. ती विकली गेली आणि तिचा 'हायवे ड्रॅगनेट' (१९५४) झाला.

इंजिनिअरिंग त्याने चार दिवसांत सोडलं असं सगळे लिहितात. मला वाटतं, ते त्याने कधीच सोडलं नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

पहिल्या चित्रपटाला पैसे कुठून आणले?

पटकथेचे आलेले पैसे, ओळखीपाळखीच्या लोकांकडून गोळा केलेले पैसे आणि काही जणांना 'नंतर देतो' असा शब्द. अशी १२ हजार डॉलरच्या आसपासची रोकड जमवून 'मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोर' (१९५४) तयार झाला. दिग्दर्शक दुसरा होता आणि कॉर्मन निर्माता. एका माणसाने चालवायच्या छोट्या पाणबुडीची बातमी त्याने पेपरात वाचली होती. त्याने थेट त्या कंपनीला फोन लावला: तुमची पाणबुडी सिनेमात दाखवतो, जाहिरात होईल, बदल्यात ती फुकट वापरायला द्या. त्यांनी दिली. एवढ्या पैशांत खरी पाणबुडी पडद्यावर दिसते यावर लोकांचा विश्वास बसेना.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी त्याने जास्त महत्त्वाची गोष्ट केली. 'द फास्ट अँड द फ्युरियस' तयार होता आणि मोठे वितरक तो घ्यायला राजीही होते. पण त्यांच्याकडून पैसे सुटायला वर्ष लागलं असतं आणि तोवर हातावर हात धरून बसावं लागलं असतं. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी तेव्हा नुकतीच एक छोटी वितरण कंपनी काढली होती. कॉर्मनने चित्रपट त्यांना दिला, पण अट घातली की पुढच्या चित्रपटांसाठी आगाऊ रक्कम द्यायची. तीच कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झाली. एका चित्रपटाचे पैसे परत येण्याआधी दुसरा सुरू करण्याची युक्ती इथे सापडली आणि ती त्याने आयुष्यभर वापरली.

मग दिग्दर्शन कधीपासून?

१९५५ साली, 'फाइव्ह गन्स वेस्ट'पासून. रंगीत वेस्टर्न, सुमारे ६० हजार डॉलर, नऊ दिवस. दिग्दर्शनाचं कसलंही शिक्षण नव्हतं. पहिल्या दिवशी लोकेशनवर जाताना पाऊस सुरू झाला. ठरवलेलं वेळापत्रक पहिल्याच सकाळी कोलमडणार या भीतीने त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि ओकला. हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. नंतर तोंड पुसून सेटवर गेला आणि सगळं येत असल्यासारखा कामाला लागला.

नटांशी कसं बोलायचं हे आपल्याला कळत नाही, हेही त्याच्या लवकर लक्षात आलं. म्हणून तो जेफ कोरी यांच्या अभिनयवर्गात जाऊन विद्यार्थी म्हणून बसला. तिथेच त्याला पुढे मोठा नट झालेला जॅक निकल्सन आणि पटकथाकार रॉबर्ट टाउन भेटले. दोघंही तेव्हा कुणाला माहीत नव्हते.

त्याच्या चित्रपटांना 'बी-मूव्ही' म्हणणं बरोबर आहे का?

कॉर्मनला ते मान्य नव्हतं आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचंच बरोबर आहे. १९३०च्या दशकात मंदीच्या दिवसांत मोठे स्टुडिओ एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. त्यांतला मोठ्या नटांचा तो 'ए' आणि त्याला जोड म्हणून दिलेला तो 'बी'. हे दोन्ही स्टुडिओच बनवायचे आणि थिएटरंही त्यांच्याच मालकीची असत. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओ आणि थिएटर यांची ही गाठ सुटली. त्यातच घरोघरी टीव्ही आला. मोठी माणसं घरी बसली आणि थिएटरात उरली ती तरुण पोरं. शहराबाहेर मोटारीत बसून सिनेमा बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं १९५०च्या दशकाच्या शेवटी चार हजारांच्या वर गेली. या पोरांसाठी दर आठवड्याला नवा माल हवा होता आणि स्टुडिओंना त्यात रस नव्हता. कॉर्मन शिरला तो या फटीतून.

अमेरिकन इंटरनॅशनलच्या जेम्स निकल्सन आणि आर्कॉफ यांची पद्धतही ठरलेली होती. आधी नाव, मग पोस्टर, ते थिएटरवाल्यांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी पटकथा.

एवढ्या कमी दिवसांत चित्रपट कसा व्हायचा?

कॅमेरा सुरू होण्याआधी बहुतेक काम उरकलेलं असायचं म्हणून. चित्रीकरणाच्या दिवशी विचार करायला बसलं की पन्नास माणसं पगार घेत उभी राहतात, हे इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कॉर्मनचे शॉट आधी कागदावर उतरायचे. एका बाजूचं लाइटिंग झालं की त्या बाजूने घ्यायचे सगळे शॉट, मग ते कथेत कुठेही असोत, एका दमात संपवायचे आणि मगच दिवे हलवायचे. सकाळचा पहिला शॉट शक्य तितक्या लवकर घ्यायचा, कारण दिवसाचा वेग त्यावर ठरतो. नवीन दिग्दर्शकांना तो एक सल्ला आवर्जून द्यायचा: मिळेल तेव्हा खुर्चीत बसा. दिवसभर उभा राहिलेला दिग्दर्शक दुपारनंतर थकून चुकीचे निर्णय घेतो, असं त्याचं म्हणणं.

कपडे, सेट, आधी घेतलेली दृश्यं, कशालाच 'वापरून झालं' म्हणायचं नाही. 'हाउस ऑफ अशर'च्या शेवटी वाडा जळतो, त्यासाठी त्याने ऑरेंज काउंटीतलं पाडायला काढलेलं एक जुनं कोठार शोधलं आणि रात्री ते खरोखर पेटवून दिलं. जळत कोसळणाऱ्या त्या तुळया त्याच्या पुढच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा दिसतात. एकदा ओळखायला लागलात की प्रत्येक वेळी सापडतात.

'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' खरंच दोन दिवसांत काढला?

आतली दृश्यं, हो. डिसेंबर १९५९ अखेरची गोष्ट. दुसऱ्या एका चित्रपटाचा सेट अजून मोडला नव्हता आणि तो वापरता येणार होता. नव्या वर्षापासून नटांच्या मानधनाचे नियम बदलणार होते, म्हणून त्याआधी उरकायचं ठरलं असं त्याचे सहकारी सांगत. चार्ल्स ग्रिफिथने रक्तावर वाढणाऱ्या झाडाची गोष्ट लिहिली. आधी तालमी करून घेतल्या आणि मग दोन कॅमेरे लावून दोन दिवसांत दुकानातलं सगळं काम उरकलं. बाहेरची रात्रीची दृश्यं थोडक्या माणसांत वेगळी घेतली. एकूण खर्च ३० हजार डॉलरच्या आसपास.

झाडाचा आवाज म्हणजे 'मला खायला घाल' असं ओरडणारा तो आवाज स्वतः ग्रिफिथचा. नटांना उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून तो कॅमेऱ्यामागून ओळी वाचत होता. नंतर चांगला आवाज घालू असं ठरलं होतं, ते राहून गेलं आणि तोच आवाज चित्रपटात गेला.

आणि दाताच्या डॉक्टरकडचं ते दृश्य! दात काढून घेताना सुखावणारा रोगी म्हणजे कोवळा जॅक निकल्सन. झटापट करताना दातांचं यंत्र कलंडलं. निकल्सनने नंतर सांगितलं की कॉर्मनने 'कट'सुद्धा म्हटलं नाही. पुढे धावत येऊन पडणारं यंत्र हातात धरलं आणि सगळ्यांना पुढच्या सेटवर चला म्हणून सांगितलं. त्या दृश्याला शेवट नाही, तो यामुळे.

या चित्रपटाचे हक्क नोंदवण्याची तसदी कॉर्मनने घेतली नाही. तो कुणीही दाखवू लागला आणि म्हणूनच टीव्हीवर वर्षानुवर्षं फिरत राहिला. १९८२ साली त्यावर संगीत नाटक आलं, १९८६ साली त्या नाटकावरून मोठ्या खर्चाचा चित्रपट आला. आज शाळा-कॉलेजांत ते नाटक करणाऱ्या कित्येकांना मूळ कॉर्मनचा आहे हे ठाऊक नसतं.

त्याचे राक्षस इतके विचित्र का दिसतात?

पैसा हे एक कारण. 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) मात्र वेगळं आहे. त्यातला प्राणी शुक्रावरून आलेला. कॉर्मनने इंजिनिअरसारखा विचार केला: तिथे गुरुत्वाकर्षण जास्त असणार, म्हणजे प्राणी बुटका आणि पसरट असायला हवा. सेटवर नायिका बेव्हर्ली गारलंड त्याच्यासमोर उभी राहिली, खाली बघितलं आणि हसायला लागली. एवढ्याशा गोष्टीने जग जिंकलं का, असा तिचा सवाल. कॉर्मनने लगेच राक्षस उंच करायला सांगितलं. राक्षस नायिकेपेक्षा उंच हवा, हा धडा तो पुढे सगळ्यांना सांगत राहिला.

भयकथाकार एडगर ॲलन पोच्या कथांवरचे चित्रपट एवढे नावाजले का गेले?

कारण तिथे त्याने पहिल्यांदा सवय मोडली. अमेरिकन इंटरनॅशनलला एका तिकिटात खपवायला दोन काळे-पांढरे चित्रपट हवे होते. कॉर्मन म्हणाला, त्या दोघांचे पैसे मला एकाच चित्रपटाला द्या, रंग द्या आणि पंधरा दिवस द्या. 'हाउस ऑफ अशर' (१९६०) तसा झाला. यात राक्षस कुठे आहे असं आर्कॉफने विचारलं, तर वाडा हाच राक्षस आहे, असं उत्तर कॉर्मनने दिलं. पटकथा रिचर्ड मॅथिसनची, नायक व्हिन्सेंट प्राइस, कॅमेरा फ्लॉइड क्रॉस्बीचा आणि सेट डॅनियल हॉलरचे. हॉलर भाड्याने मिळणारे जुने सेटचे तुकडे असे काही जोडायचा की प्रचंड वाडा उभा राहायचा.

सुरुवातीचं दृश्य बघा. जळालेल्या, राखेने भरलेल्या झाडांतून एक घोडेस्वार येतो. हॉलिवूडच्या टेकड्यांवर नुकताच वणवा लागून गेला होता, तिथे जाऊन कॉर्मनने ते घेतलं. कुठल्याही कलादिग्दर्शकाला एवढं काळं रान उभारणं परवडलं नसतं.

या मालिकेत १९६० ते १९६४ या काळात आठ चित्रपट झाले. त्यांतला 'द हॉन्टेड पॅलेस' नावापुरताच पोचा, गोष्ट लव्हक्राफ्ट या दुसऱ्या भयकथाकाराची आहे. माझ्या मते सगळ्यांत सुंदर 'द मास्क ऑफ द रेड डेथ' (१९६४). तो इंग्लंडमध्ये घेतला. कॅमेरा निकोलस रोग यांचा, जे पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले.

'द टेरर'चा काय किस्सा आहे?

पो मालिकेतला 'द रेव्हन' संपला, पण सेट अजून उभा होता आणि भयपटांचा जुना नट बोरिस कारलॉफ आणखी थोडे दिवस मिळत होता. पटकथा पुरती तयार नसतानाच कॉर्मनने कारलॉफची दृश्यं घेऊन टाकली. उरलेला चित्रपट पुढचे काही महिने कपोला, मॉन्टी हेलमन, जॅक हिल आणि शेवटी जॅक निकल्सन यांनी तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण केला. गोष्ट नीट कळत नाही, ते साहजिकच आहे. पुढे कारलॉफ अजून दोन दिवसांचं काम देणं लागतो म्हणून कॉर्मनने पीटर बोगदानोविच या तरुण दिग्दर्शकाला बोलावलं: हे दोन दिवस, 'द टेरर'मधली काही दृश्यं आणि थोडं नवीन चित्रीकरण यांतून मला एक चित्रपट करून दे. त्यातून झाला 'टार्गेट्स' (१९६८). कारलॉफच्या म्हातारपणातलं ते सर्वांत हृद्य काम आहे.

'द इंट्रूडर'बद्दल चाहते एवढं का बोलतात?

कारण कॉर्मन काय होता हे समजायला हाच चित्रपट आधी बघावा लागतो.

१९६१ सालची अमेरिका. शाळांत काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगळं बसवता येणार नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ सालीच लागला होता, पण दक्षिणेत तो अंमलात येताना गावंच्या गावं पेटत होती. चार्ल्स बोमाँटच्या कादंबरीत पांढऱ्या सुटातला एक हसरा तरुण अशाच एका गावात उतरतो आणि लोकांना भडकवतो. कॉर्मनला हा चित्रपट करायचाच होता, पण पैसे द्यायला कोणी तयार होईना. शेवटी त्याने आणि भाऊ जीनने स्वतःचे पैसे घातले. पोच्या चित्रपटांतून जे कमावलं होतं ते पणाला लागलं.

चित्रीकरण त्याने मिसुरी राज्याच्या आग्नेय टोकाला, खऱ्या गावांत केलं. मुख्य भूमिकेत विल्यम शॅटनर, 'स्टार ट्रेक'च्या चार-पाच वर्षं आधीचा. बाकी बहुतेक माणसं त्या गावांतलीच. गावकऱ्यांना पूर्ण पटकथा दाखवलेली नव्हती. हळूहळू कुणकुण लागली, धमक्या आल्या आणि दिलेल्या परवानग्या काढून घेतल्या गेल्या. त्यामुळे शेवटचं झोपाळ्याचं दृश्य एका जागी पूर्ण होऊ शकलं नाही, ते दुसरीकडे जोडून घ्यावं लागलं.

न्यायालयाच्या पायऱ्यांवरून नायक भाषण करतो तो प्रसंग नीट बघा. समोरचा जमाव खरा आहे, त्याच गावचा. शॅटनरचा घसा बसला होता. गर्दी समोर असताना त्याने नुसते हातवारे केले आणि कॅमेऱ्याने गर्दीचे चेहरे टिपले. विषारी वाक्यं तो गर्दी पांगल्यावर, रात्री उशिरा बोलला. आधी ती बोलली असती तर गर्दी कुठल्या बाजूने उसळेल याचा भरवसा नव्हता. ते चेहरे बघताना मला दर वेळी तेच जाणवतं: त्यांतल्या कित्येकांना अभिनय करायची गरजच नव्हती.

समीक्षकांनी वाखाणलं. लोक आले नाहीत. पुढे भडक नावं देऊन पुन्हा लावून पाहिला तरी चालला नाही. कॉर्मनच्या पैशांची पहिली मोठी खोट ती. आपण फार उपदेश केला, असा निष्कर्ष त्याने काढला. इथून पुढे वर करमणूक आणि म्हणायचं ते तिच्या पोटात, ही त्याची रीत झाली. मला मात्र त्या निष्कर्षाचं अजून वाईट वाटतं. उघड बोलण्याची ताकद त्याच्यात किती होती हे या एका चित्रपटात दिसतं आणि एवढ्या उघडपणे तो पुन्हा बोलला नाही.

'द वाइल्ड एंजल्स' आणि 'द ट्रिप'?

'द वाइल्ड एंजल्स' (१९६६) मोटारसायकलवाल्या टोळ्यांवरचा. पीटर फोंडा नायक आणि आजूबाजूला खऱ्या हेल्स एंजल्स टोळीतले लोक. व्हेनिस महोत्सवाचं उद्घाटन त्याने झालं आणि खर्चाच्या कित्येक पट कमाई झाली. 'द ट्रिप' (१९६७) एलएसडी या नशेच्या द्रव्याच्या अनुभवावरचा, पटकथा जॅक निकल्सनची. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर चित्रपट कसा काढायचा म्हणून कॉर्मनने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बिग सरला जाऊन स्वतः एलएसडी घेतली आणि काही तास जमिनीवर पालथा पडून राहिला. दोन वर्षांनी आलेल्या, मोटारसायकलवाल्यांवरच्याच गाजलेल्या 'ईझी रायडर'ची मुळं या दोन चित्रपटांत आहेत, माणसंसुद्धा बरीच तीच.

मग दिग्दर्शन सोडलं का?

दोन कारणं. अमेरिकन इंटरनॅशनलने त्याला न विचारता त्याच्या चित्रपटांना कात्री लावली. 'द ट्रिप'च्या सुरुवातीला इशारा चिकटवला आणि शेवटच्या चित्रावर काच तडकल्याचा परिणाम घातला. 'गॅस' (१९७०) तर परस्पर कापला. दुसरं म्हणजे तो थकला होता. पंधरा वर्षांत पन्नासच्या आसपास चित्रपट! आयर्लंडमध्ये पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचा चित्रपट (१९७१) करून तो थांबला. १९७० साली त्याने न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली होती आणि त्याच वर्षी ज्युली हॅलोरनशी लग्न केलं, जी पुढे स्वतः निर्माती झाली. दिग्दर्शक म्हणून तो फक्त एकदा परतला, १९९० साली 'फ्रँकेन्स्टाइन अनबाउंड'साठी.

बर्गमनचे चित्रपट कॉर्मन विकायचा, हे खरं?

अगदी खरं आणि मला त्याचं सगळ्यांत आवडणारं काम. तुरुंगातल्या बायका आणि मोटारींच्या टकरी दाखवणारी न्यू वर्ल्ड अमेरिकेत स्वीडनच्या बर्गमनचा 'क्राइज अँड व्हिस्पर्स', इटलीच्या फेलिनीचा 'अमारकॉर्ड' आणि जपानच्या कुरोसावाचा 'देर्सू उझाला' घेऊन आली. बर्गमनच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं, छायालेखनाचं ऑस्कर मिळालं. बाकीच्या दोघांना परभाषी चित्रपटाचं. कॉर्मनने बर्गमन ड्राइव्ह-इनमध्येसुद्धा लावला. कुणासाठी कुठला सिनेमा, हे आधीच ठरवून टाकायला तो तयार नव्हता.

'कॉर्मनची शाळा' म्हणजे काय? तिथे कोण कोण शिकलं?

शाळा अशी नव्हतीच, काम होतं. कमी पगार, अपुरी साधनं आणि भरपूर जबाबदारी. फ्रान्सिस फोर्ड कपोलाने आधी एक रशियन अंतराळपट कापून-जोडून अमेरिकन प्रेक्षकांसाठी दिला, मग कॉर्मनच्या एका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला युरोपात गेला आणि त्याच दौऱ्यात उरलेल्या पैशांत आयर्लंडमध्ये 'डिमेन्शिया १३' (१९६३) केला. मार्टिन स्कॉर्सेसीचा 'बॉक्सकार बर्था' (१९७२) २४ दिवसांत झाला. जोनाथन डेमी, जो डान्टे, पटकथाकार जॉन सेल्स, निर्मात्या गेल ॲन हर्ड हे सगळे इथूनच गेले. रॉन हॉवर्डला आधी नट म्हणून एक चित्रपट करावा लागला, मग 'ग्रँड थेफ्ट ऑटो' (१९७७) दिग्दर्शित करायला मिळाला. त्याने गर्दीसाठी जास्त माणसं मागितली, तेव्हा कॉर्मनने सांगितलं की हे काम चांगलं केलंस तर पुन्हा माझ्याकडे काम करावं लागणार नाही.

जेम्स कॅमेरॉनची गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या लाकडाच्या जुन्या वखारीत कॉर्मनचा स्टुडिओ होता. कॅमेरॉन तिथे छोटी मॉडेलं बनवायला आला आणि 'बॅटल बियाँड द स्टार्स' (१९८०) चालू असतानाच कलादिग्दर्शक झाला. पुढच्या 'गॅलक्सी ऑफ टेरर'मध्ये अंतराळयानाच्या भिंती त्याने हॅम्बर्गरच्या थर्माकोलच्या डब्या चिकटवून, रंगवून उभ्या केल्या. एका दृश्यात तुटलेल्या हातावर अळ्या वळवळायला हव्या होत्या, पण अळ्या नुसत्या पडून. त्याने खालून वीज जोडली. 'ॲक्शन' म्हटलं की मागचा माणूस करंट सोडायचा आणि अळ्या वळवळायच्या, 'कट' म्हटलं की शांत. मागे दोन निर्माते उभे राहून बघत होते. कॅमेरॉन सांगतो, अळ्यांकडून एवढं करून घेणारा माणूस नटांकडून किती घेईल, असं त्यांना वाटलं असावं.

डेमी सांगायचा, नवीन दिग्दर्शकाला कॉर्मन जेवायला नेऊन सगळं समजावून द्यायचा: डोळ्याला कंटाळा येऊ देऊ नका, खलनायक नायकाइतकाच रंगवा, हाणामारी, विनोद आणि नग्नता हवी आणि जरा डावीकडे झुकणारं थोडं सामाजिक भाष्यही असू द्या.

तो लोकांना राबवून घ्यायचा, असाही आरोप आहे ना?

आहे, आणि तो झटकून टाकू नये. पगार कमी असायचे आणि तास लांब. ज्यांना पुढे मोठी कामं मिळाली त्यांच्या आठवणी आपण वाचतो. बाकीच्यांच्या वाचायला मिळत नाहीत.

विक्रीची गणितंही आड यायची. 'मीन स्ट्रीट्स'साठी स्कॉर्सेसी त्याच्याकडे गेला, तेव्हा सगळी पात्रं कृष्णवर्णीय केलीस तर पैसे देतो, असं उत्तर मिळालं. कारण तेव्हा तसे चित्रपट चालत होते. स्कॉर्सेसीने नकार दिला आणि चित्रपट दुसऱ्या पैशांतून, पण कॉर्मनकडच्याच कितीतरी तंत्रज्ञांना घेऊन केला.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड आहे. हॉलिवूडमध्ये बायकांना दिग्दर्शनाच्या खुर्चीजवळ उभं करत नव्हते, त्या काळात त्याने स्टेफनी रॉथमन आणि बार्बरा पीटर्स यांना चित्रपट दिले. त्याच पीटर्सच्या 'ह्युमनॉइड्स फ्रॉम द डीप'मध्ये (१९८०) तिच्या नकळत बलात्काराची उघडीनागडी दृश्यं दुसऱ्याकडून घेऊन घुसडली गेली. आपलं नाव काढा असं तिने सांगितलं, तेही झालं नाही. संधी त्याने दिली आणि दगाही इथेच झाला. कॉर्मनवर प्रेम करणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

त्याला कधीच तोटा झाला नाही, असं म्हणतात?

त्याच्या १९९० सालच्या आत्मचरित्राच्या नावातच तसं म्हटलं आहे. 'द इंट्रूडर'चं वर आलंच. नाव विकण्यासाठी असतं, हे त्याच्याहून चांगलं कुणाला माहीत होतं?

आजच्या 'फास्ट अँड फ्युरियस' मालिकेशी त्याचा संबंध आहे का?

फक्त नावाचा. १९५४च्या चित्रपटाचं नाव वापरायचे हक्क त्याच्याकडून घेतले गेले. गोष्ट वेगळी.

'फँटास्टिक फोर'चं काय झालं?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका जर्मन निर्मात्याच्या हातातले या कॉमिकचे हक्क संपत आले होते. ते टिकवायला चित्रीकरण सुरू करणं भाग होतं. कॉर्मनने सुमारे दहा लाख डॉलरमध्ये चित्रपट करून दिला आणि तो कधीच प्रदर्शित झाला नाही. नटांना आपण खऱ्या चित्रपटात आहोत असंच वाटत होतं. वाईट त्यांचं वाटतं.

त्याला ऑस्कर मिळालं का?

नोव्हेंबर २००९ मध्ये सन्माननीय ऑस्कर मिळालं. शिष्यांनी त्याआधीच आपल्या परीने मान दिला होता. कपोलाने 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात त्याला सिनेटर केलं, डेमीने 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये एफबीआयचा प्रमुख आणि हॉवर्डने 'अपोलो १३'मध्ये काँग्रेसचा सदस्य. उंच, नीटनेटका, मृदू बोलणारा हा माणूस त्या खुर्च्यांत शोभतो.

बघायला कुठून सुरुवात करू?

आधी 'अ बकेट ऑफ ब्लड' (१९५९). पाच दिवसांत घेतलेला, तासाभराचा. कलावंत म्हणून मान मिळावा यासाठी खून करणाऱ्या वेटरची गोष्ट, आणि डिक मिलरला मिळालेली दुर्मीळ मुख्य भूमिका. तो आवडला तर कॉर्मन-ग्रिफिथ याच जोडीचा 'लिटल शॉप'. मग रात्री, दिवे मालवून 'मास्क ऑफ द रेड डेथ', शक्य तेवढ्या चांगल्या प्रतीत, कारण रंग गेले तर अर्धा चित्रपट गेला. 'द इंट्रूडर' मात्र दुसऱ्या कशाला जोडून बघू नका. त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा आणि भाषणाच्या वेळी शॅटनरकडे बघण्याऐवजी समोरच्या गर्दीकडे बघा.